वाचकांचे प्रश्न: विमान कंपनीच्या पॉइंटचा भाव कोण ठरवतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची होती. कोल्हापुरातून विमानाने जाण्याची नवलाई आता ओसरली आहे. उजळाईवाडीहून देशातल्या देशात आणि पुणे, मुंबई किंवा गोव्याहून परदेशी, असा प्रवास करणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये दोन-तीन विमान कंपन्यांच्या पॉइंटांची (प्रवासावर मिळणाऱ्या आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांची) खाती सहज सापडतात, आणि त्या पॉइंटांचे नियम अचानक का बदलतात, हा सर्वांचाच प्रश्न आहे. निवडक प्रश्न पत्रलेखकांची नावे न देता, थोडे संक्षिप्त करून छापत आहोत. विमान कंपन्यांविषयीच्या वैयक्तिक तक्रारींतूनही कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न (शिरोली एमआयडीसीतील एक फाउंड्री मालक): प्रदर्शनांसाठी आणि गिऱ्हाइकांच्या भेटीसाठी माझे जर्मनीला जाणे होते. एका परदेशी विमान कंपनीचे पॉइंट मी बरीच वर्षे साठवले. बिझनेस क्लासच्या एकेरी तिकिटाला पूर्वी जेवढे पॉइंट लागत, त्याच्या जवळजवळ दीडपट आता लागतात. आम्हाला विचारले नाही, कारणही सांगितले नाही. एक ई-मेल आला आणि विषय संपला. हे दर कोण आणि कशावरून ठरवते?

उत्तर: हे दर कंपनीतील दोन-तीन विभागांच्या ओढाताणीतून ठरतात, आणि त्यांपैकी एकाही विभागाचे काम आपल्याला खूश ठेवणे हे नसते. ही ओढाताण समजून घेण्यासाठी योजना मुळात कशासाठी निघाली, ते आधी पाहावे लागेल.

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानांचे मार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी कायदा बदलला, भाडी मोकळी झाली आणि एकाच मार्गावरच्या कंपन्या एकमेकींपेक्षा स्वस्त तिकिटे विकू लागल्या. सतत प्रवास करणारा व्यापारी चार पैशांसाठी दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये ‘अॅडव्हांटेज’ ही योजना आणली आणि पाठोपाठ काही दिवसांतच युनायटेडने ‘मायलेज प्लस’ सुरू केली. हिशेब सोपा होता. विमान उडणारच असते आणि त्यातल्या काही खुर्च्या रिकाम्या जाणारच असतात. त्यातली एखादी जुन्या गिऱ्हाइकाला फुकट दिली, तर कंपनीला खर्च येतो तो जेवणाचा आणि थोड्या जास्तीच्या इंधनाचा. गिऱ्हाइकाला मात्र ती खुर्ची हजारो रुपयांची वाटते. देणाऱ्याला स्वस्त आणि घेणाऱ्याला महाग वाटणारी अशी वस्तू व्यापारात क्वचितच सापडते.

अडचण आली ती यशामुळे. १९८८ साली डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने तिप्पट माइल्स (पॉइंटांचे मूळ नाव) देऊ केले आणि इतरांनीही तीच वाट धरली. लोकांच्या खात्यांत माइल्सचा ढीग साचला. रिकाम्या खुर्च्या तेवढ्याच राहिल्या. मग तिकिटाला लागणारे माइल्स वाढवणे, सणासुदीच्या तारखा वगळणे, एका विमानात ठरावीकच जागा देणे हे प्रकार सुरू झाले. आपल्याला आलेल्या ई-मेलचा वंश असा चाळीस वर्षांच्या आसपासचा आहे.

आता विभागांकडे वळू. पहिला विभाग भाडे आणि जागा यांचे नियोजन करणाऱ्यांचा. त्यांच्या संगणकात प्रत्येक विमानातील जागा इंग्रजी अक्षरांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. एकाच बिझनेस क्लासमध्ये महागड्या भाड्याचा एक कप्पा, सवलतीच्या भाड्याचा दुसरा आणि पॉइंटवर द्यायच्या जागांचा तिसरा. कोणत्या कप्प्यात किती जागा ठेवायच्या हे मागील विक्रीवरून रोज, कधी कधी दिवसातून अनेकदा, नव्याने ठरते. जर्मनीत मोठे औद्योगिक प्रदर्शन असते त्या आठवड्यात पूर्ण भाडे मोजणारे प्रवासी मिळणार हे संगणकाला आधीच्या वर्षांवरून ठाऊक असते; त्यामुळे पॉइंटचा कप्पा शून्यावर राहतो. तोच कप्पा फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी उघडा सापडतो. आपला प्रवास नेमका प्रदर्शनांच्या दिवसांत होत असल्याने आपल्याला ही टंचाई इतरांपेक्षा जास्त जाणवत असणार.

दुसरा विभाग हिशेबाचा, आणि दरवाढीचे खरे मूळ बहुतेक वेळा इथे असते. आपण तिकीट काढता तेव्हा कंपनीला मिळालेले सगळे पैसे त्या प्रवासाचे उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांनुसार, आणि भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या मानकानुसार, तिकिटासोबत दिलेल्या पॉइंटांची अंदाजे किंमत बाजूला काढून ती देणे म्हणून ताळेबंदात ठेवावी लागते. आपण पॉइंट वापरले की ती रक्कम उत्पन्नात जाते. सगळेच लोक सगळे पॉइंट वापरत नाहीत. मुदत संपून किंवा विसरून जे बुडतील त्यांचाही अंदाज कंपनी आधीच धरते. या अंदाजावर सगळा डोलारा उभा असतो. लोक हुशार झाले, यूट्यूबवर बघून पॉइंटांचा नेमका वापर करू लागले, तर बुडणारे पॉइंट कमी होतात आणि देणे वाढते. ते देणे आटोक्यात आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिकिटाला लागणारे पॉइंट वाढवणे. खात्यातला आकडा तोच राहतो, त्यामुळे कोणाचे काही काढून घेतल्यासारखे दिसतही नाही.

आपण त्या पॉइंटवर दुसऱ्याच, भागीदार कंपनीच्या विमानाने जात असाल, तर आणखी एक गोष्ट असते. अशा वेळी आपल्या कंपनीला त्या भागीदाराला ठरलेल्या दराने रोख पैसे द्यावे लागतात. स्वतःची रिकामी खुर्ची देणे आणि दुसऱ्याची विकत घेऊन देणे यांत फरक आहेच. म्हणून भागीदार कंपन्यांवरच्या तिकिटांचे दर बहुधा आधी आणि जास्त वाढतात.

एक गोष्ट मला स्वतःला दरवाढीपेक्षाही खटकते. पूर्वी या योजनांचे छापील तक्ते असत: भारत ते युरोप इतके, भारत ते अमेरिका इतके. डेल्टाने २०१५ मध्ये हे तक्ते संकेतस्थळावरून काढून टाकले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी रोखीच्या भाड्याप्रमाणे रोज बदलणारा पॉइंट-दर स्वीकारला. तक्ता होता तेव्हा दर वाढला की आपल्यासारखा माणूस जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून पत्र लिहू शकत होता. तक्ताच नसेल, तर दर वाढला हे सिद्ध तरी कशाने करणार? त्या मानाने आपल्या कंपनीने निदान ई-मेल तरी पाठवला.

प्रश्न (राजारामपुरीतील एक प्राध्यापिका): मी आणि माझी सहकारी एकाच विमानाने कोल्हापूरहून गेलो, शेजारी बसलो. तिच्या खात्यात माझ्यापेक्षा बरेच जास्त पॉइंट जमा झाले. अंतर तेच असताना असे कसे?

उत्तर: अंतराचा आता फारसा संबंध उरलेला नाही. जितके मैल उडाल तितके माइल्स, ही मूळ पद्धत अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ सोडली: डेल्टाने जानेवारी २०१५ मध्ये, युनायटेडने त्याच वर्षी मार्चमध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने ऑगस्ट २०१६ मध्ये. तेव्हापासून पॉइंट मिळतात ते मोजलेल्या पैशांवर. आपल्याकडे एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये हीच पद्धत घेतली. तब्बल अठरा वर्षे अशी योजना न ठेवता स्वस्त तिकिटांवर चाललेल्या इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्ल्यूचिप’ आणली, तीही खर्चावरच आधारलेली आहे.

आपल्या सहकारीने तिकीट उशिरा, म्हणजे महाग काढले असेल, किंवा बदलाची मुभा देणारा वरचा भाडे-प्रकार घेतला असेल. तिची श्रेणी, म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्या सभासदांना मिळणारा दर्जा, आपल्यापेक्षा वरची असेल, तर त्याचा वेगळा अधिलाभ मिळतो. तिकिटावरचे कर आणि विमानतळाचे शुल्क साधारणतः या हिशेबात धरले जात नाही, त्यामुळे भरलेली एकूण रक्कम घेऊन गणित मांडू नये. तिकिटाच्या तपशिलातील मूळ भाड्याचा आकडा पाहावा.

या बदलाचा तोटा आपल्यासारख्या गावांना जरा जास्त झाला आहे. कोल्हापूर ते मुंबई हे हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोनशे मैलही नाही. अंतराच्या पद्धतीत अनेक योजना कितीही छोट्या उड्डाणाला किमान ५०० माइल्स देत असत, आणि छोट्या मार्गांवर वारंवार ये-जा करणाऱ्याचे त्यात चांगले फावत असे. आता भाडे कमी तिथे पॉइंट कमी. ज्याची कंपनी ऐनवेळी चढ्या भावाने तिकीट काढून देते, तो एका फेरीत पुढे जातो. आधी तिकीट काढून काटकसर करणारा मागे राहतो. कंपनीच्या दृष्टीने हे तर्काला धरून आहे, कारण तिला निष्ठेपेक्षा नफा देणारे गिऱ्हाईक हवे आहे. फक्त योजनेच्या जाहिरातीत हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले नसते.

प्रश्न (इचलकरंजीतील एक कापड व्यापारी): बँकेने विमान कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड दिले आहे. सुताच्या बिलापासून घरच्या किराण्यापर्यंत सगळे त्यावर घेतो आणि माइल्स मिळतात. मी विमानात वर्षातून फार तर एक-दोनदा बसतो. मग विमान कंपनी मला फुकट पॉइंट का देते? आणि बँकेने एकाएकी दर निम्मा केला, तो कोणी सांगितला म्हणून?

उत्तर: कंपनी आपल्याला काहीही फुकट देत नाही. आपल्या खात्यात पडणारा प्रत्येक पॉइंट बँकेने विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेतलेला असतो. आपण कार्ड घासले की दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कातला वाटा बँकेला मिळतो, त्यातले काही पैसे बँक पॉइंट खरेदीवर घालते, आणि उरलेले वार्षिक शुल्कातून व थकबाकीवरच्या व्याजातून भरून काढते. आपण दरमहा पूर्ण बिल भरत असाल, तर आपले पॉइंट काही अंशी शेजारच्या थकबाकीदाराने भरलेल्या व्याजातून येतात, असे म्हणायला हरकत नाही.

ही विक्री किती मोठी आहे, याची कल्पना २०२० साली आली. महासाथीत विमाने जमिनीवर उभी राहिली, पैशांची चणचण झाली आणि युनायटेडने आपली ‘मायलेज प्लस’ योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. त्या वेळी या एका योजनेची किंमत सुमारे २० अब्ज डॉलर सांगितली गेली. शेअर बाजारात संपूर्ण युनायटेड कंपनीचे मूल्य त्याहून बरेच कमी होते. डेल्टाने ‘स्कायमाइल्स’वर सुमारे ९ अब्ज डॉलर उभारले आणि २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हांटेज’वर १० अब्ज. विमाने चालवणे हा हल्ली कमी फायद्याचा जोडधंदा झाला असून पॉइंट विकणे हाच मुख्य धंदा आहे, असे काही विश्लेषक म्हणतात. ते जरा टोकाचे आहे, कारण विमानेच नसतील तर त्या पॉइंटांना विचारतो कोण? पण सावकाराने तारण म्हणून काय घेतले, हे पाहण्यासारखे आहेच.

पॉइंट हा असा विकण्याचा माल झाला की त्याच्या गमतीही होतात. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स नावाच्या अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीची जाहिरात बारकाईने वाचली, पुडिंगचे बारा हजारांहून अधिक डबे विकत घेतले, त्यांवरचे बारकोड कापून पाठवले आणि साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स मिळवले. खर्च आला सुमारे तीन हजार डॉलर.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. बँक आणि विमान कंपनी यांच्यात काही वर्षांचा करार असतो. त्यात पॉइंटचा घाऊक दर ठरलेला असतो. करार नव्याने करताना विमान कंपनीने दर वाढवला, किंवा आपल्यासारखी फक्त पॉइंटसाठी कार्ड वापरणारी आणि व्याज न भरणारी गिऱ्हाइके बँकेला परवडेनाशी झाली, की बँक प्रत्येक शंभर रुपयांमागे मिळणारे पॉइंट कमी करते किंवा महिन्याला मर्यादा घालते. दुकानाचा माल, विजेचे बिल, भाडे, विमा असे मोठे व्यवहार हिशेबातून आधी वगळले जातात, कारण काहींमध्ये बँकेला मिळणारे शुल्क कमी असते आणि काहींमध्ये लोक एकमेकांना पैसे फिरवून पॉइंट काढतात, असा बँकांचा अनुभव आहे. आपल्या सुताच्या बिलांवर डोळा ठेवा. पुढची कुऱ्हाड तिथे पडण्याचा संभव अधिक.

एक सावधगिरी मात्र पाळावी. कार्डाचे पॉइंट बँकेच्याच खात्यात असतील आणि ते वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे वळवता येत असतील, तर तिकीट नक्की होईपर्यंत ते वळवू नयेत. एकदा विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.

प्रश्न (ताराबाई पार्कमधील एक निवृत्त अधिकारी): विमान कंपनीच बंद पडली किंवा विकली गेली, तर साठवलेल्या पॉइंटांचे काय होते?

उत्तर: याच्या तीन तऱ्हा आपल्याच देशात पाहायला मिळाल्या आहेत. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या ‘किंग क्लब’मधील पॉइंटांना अर्थ उरला नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले, पण ‘जेटप्रिव्हिलेज’ ही वेगळी कंपनी होती आणि २०१४ मध्येच तिचा ५०.१ टक्के हिस्सा अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने घेतलेला होता. त्यामुळे विमान कंपनी बुडाली तरी माइल्स राहिले आणि त्याच वर्षी ती योजना ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू झाली. अर्थात, ज्या विमानांसाठी लोकांनी ते माइल्स जमवले होते ती विमाने उडत नव्हती. तिसरी तऱ्हा विलीनीकरणाची: १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ‘क्लब विस्तारा’च्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. तीच योजना आता ‘महाराजा क्लब’ म्हणून ओळखली जाते. जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी हे एअर इंडियाच्या योजनेतील सर्वांत वरच्या श्रेणीचे नाव होते. आता पहिल्याच दिवशी सभासद झालेला मनुष्यही महाराजाच्या क्लबात असतो.

प्रश्न (गडहिंग्लज येथील एक वकील): पॉइंट हा प्रवाशाने मोबदला देऊन मिळवलेला हक्क आहे. तो एकतर्फी कमी करणे कायद्यात बसते काय? ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल काय?

उत्तर: योजनेच्या अटी वाचल्यास हक्क या शब्दाला कोठेच जागा दिलेली दिसत नाही. जवळजवळ प्रत्येक योजनेत तीन वाक्ये असतात: पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही, कंपनी नियम कधीही बदलू शकते आणि योजना बंदही करू शकते. आपल्याकडचा ऊस उत्पादक कारखान्याला ऊस घालतो, तेव्हा त्याचा एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, केंद्र सरकारने ठरवलेला असतो आणि तो १४ दिवसांत देणे कारखान्यावर बंधनकारक असते. त्यासाठी तो रस्त्यावर येऊ शकतो आणि साखर आयुक्तांकडेही जाऊ शकतो. पॉइंटला असा किमान भाव कोणीच ठरवलेला नाही. विमान रद्द होणे, उशीर होणे, तिकीट असूनही बोर्डिंग नाकारणे यांविषयी डीजीसीएचे, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचे, नियम आहेत. पॉइंटांचा भाव त्यांच्या कक्षेत येत नाही.

हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आधी मिळवलेल्या माइल्सवरही जागांची मर्यादा आणि वर्ज्य तारखा लादल्या, तेव्हा सभासद न्यायालयात गेले. १९९५ मध्ये निकाल लागला की १९७८ च्या कायद्यामुळे राज्यांचे ग्राहक संरक्षण कायदे इथे लावता येणार नाहीत, परंतु करारभंगाचा दावा करता येईल. दुसरे प्रकरण मिनेसोटातील गिन्सबर्ग नावाच्या रब्बींचे (ज्यू धर्मगुरूंचे). फार तक्रारी करतात, असा ठपका ठेवून नॉर्थवेस्ट कंपनीने त्यांचे वरच्या श्रेणीचे सभासदत्वच रद्द केले. कंपनीने सद्भावनेने वागले पाहिजे होते, हा त्यांचा दावा न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने फेटाळला. सारांश, तिथे लिहिलेला शब्द मोडला तर दाद आहे. लिहिलेल्या अटींचा वापर करून गिऱ्हाइकाला दुखावले, तर जवळपास नाही.

आपल्याकडची स्थिती ग्राहकाला काहीशी अधिक अनुकूल आहे, असे मला वाटते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आली आहे. वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याची मुभा एका पक्षाला देणाऱ्या आणि ग्राहकावर गैरवाजवी अटी लादणाऱ्या तरतुदी त्यात मोडतात. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे होत नाही. ती राज्य आयोगाकडे करावी लागते. आपण वकील आहात, तेव्हा हे कलम पॉइंटांच्या अटींना लावून पाहण्यासारखे आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. मात्र अटीत बदलाची मुभा असणे आणि बदल अनुचित असणे या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतील.

तिकीट काढताना कबूल केलेले पॉइंट जमाच झाले नाहीत, मुदत बाकी असताना पॉइंट काढून टाकले, किंवा पॉइंटवर काढलेले तिकीट रद्द झाल्यावर परत दिले नाहीत, तर मात्र सेवेतील त्रुटीची सरळ तक्रार होते. ती ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते, त्यासाठी मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. बोर्डिंग पास फेकून देण्याची सवय असेल, तर ती सोडावी. न मिळालेले पॉइंट मागताना बहुतेक कंपन्या त्यावरचा तिकीट क्रमांक विचारतात.

ग्राहकांचा दबाव कधी चालतो, याचेही उदाहरण आहे. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये लाउंजचा (विमानतळावरील खास विश्रामकक्षाचा) प्रवेश आणि वरच्या श्रेणीचे निकष इतके कडक केले की तिचे सर्वांत जास्त पैसे मोजणारे प्रवासीच उखडले. आपण फार पुढे गेलो, असे कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी जाहीरपणे मान्य केले आणि पुढच्याच महिन्यात काही बदल सौम्य केले. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानेही सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या पॉइंट योजनांची माहिती मागवली. आपल्याकडे असे अजून कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न (कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका कंपनीचे लेखापाल): तिकिटाचे पैसे कंपनी भरते, पॉइंट अधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जातात. ते कंपनीचे नव्हेत काय?

उत्तर: विमान कंपनीच्या लेखी ते प्रवास करणाऱ्या व्यक्तीचे असतात, आणि ही योजना इतकी यशस्वी होण्याचे ते एक मोठे कारण आहे: पैसे एकाचे, निवड दुसऱ्याची आणि बक्षीस निवड करणाऱ्याला. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना सरकारी प्रवासाचे माइल्स खासगी कामासाठी वापरण्यास मनाई केली आहे. खासगी कंपनीला असा नियम आपल्या प्रवास धोरणात लेखी घालावा लागेल. मात्र त्यापेक्षा, स्वस्त विमान उपलब्ध असताना महाग विमान का घेतले याचे कारण प्रत्येक बिलासोबत मागितले, तर आपला हेतू अधिक साधेल. काही विमान कंपन्यांच्या छोट्या उद्योगांसाठी वेगळ्या योजना असतात, त्यांत कंपनीलाही स्वतंत्र लाभ मिळतो. तीही चौकशी करावी.

प्रश्न (शाहूपुरीतील एक वाचक): पॉइंट वापरावेत की रोख पैसे देऊन तिकीट काढावे, हे कसे ठरवावे?

उत्तर: एका पॉइंटला किती पैसे मिळतात ते काढावे. समजा, एका तिकिटाचे रोख भाडे करांसह ९,००० रुपये आहे. तेच तिकीट १२,००० पॉइंट आणि १,४०० रुपये कर भरून मिळते. म्हणजे १२,००० पॉइंटांनी आपले ७,६०० रुपये वाचवले. एका पॉइंटला सुमारे ६३ पैसे पडले. याच पद्धतीने आपल्याला लागणाऱ्या दोन-तीन मार्गांचे आकडे काढून वहीत लिहून ठेवावेत. पॉइंटवर मिक्सर, गिफ्ट कार्ड किंवा विमानतळावरचा खाऊ घेतल्यास हा भाव बहुधा बराच खाली येतो. पॉइंटवर काढलेल्या तिकिटावर नवे पॉइंट सहसा मिळत नाहीत, तेवढी वजावट धरावी, आणि परदेशी तिकिटांवर काही कंपन्या करांसोबत इंधन अधिभारही लावतात, तो आधी पाहावा. निव्वळ साठवत राहण्याच्या मी विरुद्ध आहे. बँकेतल्या ठेवीला व्याज असते. पॉइंटला फक्त मुदत असते, आणि त्याचा भाव वर गेल्याचे उदाहरण फार शोधावे लागेल.

प्रश्न (हुपरी येथील एक वाचक भगिनी): माझ्या यजमानांचे चांदीच्या व्यापारानिमित्त बरेच फिरणे होते. त्यांच्या निधनानंतर खात्यात पुष्कळ पॉइंट शिल्लक असल्याचे मुलाने पाहिले. ते आम्हाला मिळतील काय?

उत्तर: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. याबाबत प्रत्येक योजनेचे नियम वेगळे आहेत. अनेक योजनांच्या अटींत सभासदाच्या निधनाबरोबर पॉइंट संपतात असे लिहिलेले असते. काही कंपन्या मात्र मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे दिल्यास पॉइंट वारसाच्या खात्यात वळवून देतात, आणि अटींत स्पष्ट नसतानाही विनंती मान्य होण्याचा संभव असतो. मुलाने यजमानांच्या मोबाइलवरून लॉग-इन करून परस्पर तिकिटे काढू नयेत. ते लक्षात आल्यास कंपनी खाते गोठवू शकते आणि मग विनंतीलाही जागा राहत नाही. आधी पॉइंटांची मुदत कधी संपते ते पाहावे, कारण कागदपत्रांच्या पत्रव्यवहारात काही आठवडे जातात. त्यानंतर योजनेच्या ग्राहक सेवा विभागाला ई-मेल करून सभासद क्रमांक, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आपले ओळखपत्र आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. पॉइंट वळवण्यासाठी शुल्क मागितले, तर वर शाहूपुरीच्या वाचकांना सांगितलेला हिशेब करून मगच ते भरावे.